चार बेस, दोन अ‍ॅम्प आणि एक मल्टीमीटर

साउंडच्या धंद्यात नव्याने उतरलेला माणूस अ‍ॅम्प घ्यायला गेला की पहिला प्रश्न हाच विचारतो: "हा किती बेस ओढेल?" आणि काउंटरमागून तितक्याच सहज उत्तर येतं, "चार आरामात." प्रश्न अर्धवट आहे आणि उत्तरही. कोणते चार? प्रत्येकाचा ओहम किती? जोडणार कसे? मधली वायर किती लांब? आणि वाजणार काय, हळदीचा दोन तासांचा ऑर्केस्ट्रा की संध्याकाळपासून चालणारा डीजे? हे ठरल्याशिवाय 'चार' या आकड्याला काही अर्थ नाही.

या लेखात एकच हिशेब शिकायचा आहे. अ‍ॅम्पच्या खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, म्हणून सगळे वॅटमध्ये विचार करतात. पण अ‍ॅम्प वॅट 'सोडत' नाही. तो व्होल्ट देतो. त्या व्होल्टवर किती करंट ओढायचा हे समोरचा बेस ठरवतो आणि त्या दोघांच्या गुणाकारातून वॅट निघतात. घरातली वायरिंग आठवा: प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, पंखा लावा की गिझर. गिझर जास्त करंट खातो, पंखा कमी. दोन्ही एकदम लावले तरी व्होल्ट तेच राहतात, मीटरमधून जाणारा करंट मात्र वाढतो. अ‍ॅम्पच्या एका चॅनेलवर दोन बेस लावले की नेमकं हेच होतं.

वॅटवरून व्होल्ट काढणं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरचं काम आहे. वॅटला ओहमने गुणा, वर्गमूळ काढा. ८ ओहमला ५०० वॅट म्हणजे ४००० चं वर्गमूळ, साधारण ६३ व्होल्ट. ४ ओहमला १००० वॅट? तेच ६३ व्होल्ट. म्हणजे वॅट दुप्पट दिसले तरी अ‍ॅम्पने जास्तीचं काही केलेलं नाही. व्होल्ट तेवढेच ठेवले, करंट मात्र दुप्पट पुरवला.

आता आपलं उदाहरण घेऊ. मराठी मुलुखात नेहमी दिसणारा बेस म्हणजे डबल अठरा: एका बॉक्समध्ये १८ इंचांचे दोन स्पीकर. समजा प्रत्येक स्पीकर ८ ओहमचा आणि १००० वॅट एईएसचा आहे. बहुतेक बॉक्समध्ये दोघे पॅरलल जोडलेले असतात, म्हणून बॉक्स झाला ४ ओहम, २००० वॅट. असे चार बॉक्स आहेत.

'एईएस' हा शब्द कॅटलॉगमध्ये शोधा, कारण तोच त्यातल्या त्यात प्रामाणिक आकडा आहे. स्पीकरला दोन तास पिंक नॉइज देऊन तो टिकतो का हे पाहून तो काढतात, आणि त्या सिग्नलचं शिखर सरासरीपेक्षा ६ डेसिबलने उंच असतं. 'प्रोग्रॅम' त्याच्या दुप्पट आणि 'पीक' चौपट, हे नुसते गुणाकार आहेत. एकच स्पीकर १०००, २००० आणि ४००० अशा तीन आकड्यांनी विकता येतो तो असा. आपल्या बॉक्सचा एईएस व्होल्ट म्हणजे २००० गुणिले ४, त्याचं वर्गमूळ, साधारण ८९ व्होल्ट. हा आकडा खडूने बॉक्सच्या मागे लिहून ठेवला तरी चालेल. पुढचं सगळं याच्याभोवती फिरतं.

लिंक मारली म्हणजे सिरीज झाली असं नाही

बॉक्सच्या मागे स्पीकॉनची दोन सॉकेट असतात. अ‍ॅम्पकडून आलेली वायर एकात, दुसऱ्यातून पुढच्या बॉक्सला. बॉक्स एकामागे एक रांगेत दिसतात म्हणून पुष्कळ मुलं याला सिरीज म्हणतात. ती दोन्ही सॉकेट आतून एकमेकांना थेट जोडलेली असतात, त्यामुळे विजेच्या भाषेत हे शुद्ध पॅरलल आहे. प्रत्येक लिंकसरशी ओहम उतरतो. ८ ओहमचे दोन बॉक्स म्हणजे ४, तीन म्हणजे २.६७, चार म्हणजे २. आपले ४ ओहमचे दोन बॉक्स म्हणजे २ ओहम, आणि तिसरा लिंक केलात तर १.३३. इतक्या खाली उतरायला बनवलेला अ‍ॅम्प तुमच्याकडे बहुधा नाही.

खऱ्या सिरीजमध्ये एका बॉक्सच्या मायनसमधून दुसऱ्याच्या प्लसमध्ये जावं लागतं. त्यासाठी वेगळी वायर बनवावी लागते आणि ती बनवू नये असं माझं मत आहे. एकाच बॉक्समधले दोन जुळे स्पीकर कंपनीने सिरीज केले असतील तर ठीक. दोन वेगळ्या बॉक्सची सिरीज केली की व्होल्ट दोघांत वाटले जातात, आणि ते समान वाटले जातीलच असं नाही. बेसच्या बॉक्सचा ओहम प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो. पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये तो दोन ठिकाणी खूप वर चढतो आणि मध्ये, पोर्टच्या ट्यूनिंगपाशी, खाली येतो. दोन बॉक्सचं ट्यूनिंग जरा वेगळं असलं की एका सुराला एक बॉक्स जास्त व्होल्ट खातो, दुसऱ्या सुराला दुसरा. शिवाय एकाची कॉइल तुटली की दोघेही गप्प.

ओहमच्या पाटीवर विश्वास ठेवण्याआधी मल्टीमीटर लावा. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो पाटीवरच्या ओहमपेक्षा कमीच असतो. ८ ओहमचा एक स्पीकर साधारण साडेपाच-सहा दाखवेल, आपला डबल अठरा पावणेतीन-तीनच्या आसपास. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा पाहा आणि तो वजा करा. इतक्या लहान मापात तारांचा अर्धा ओहमसुद्धा फसवतो. डबल अठरा साडेपाच-सहा दाखवत असेल तर आत एक स्पीकर मेलेला आहे. असा बॉक्स वाजतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण मेलेला कोन हवेच्या दाबाने नुसता हलत राहतो, जिवंत स्पीकरला मिळायला हवा तो हवेचा आधार सुटतो, आणि काही दिवसांत त्याचाही नंबर लागतो. प्रत्येक कार्यक्रमाआधी गाडीतून बॉक्स उतरतानाच स्पीकॉनवर मीटर लावायची सवय एका माणसाला लावून द्या.

दोन चॅनेल की चार?

आता अ‍ॅम्पची पाटी. समजा ती म्हणते: प्रत्येक चॅनेलला ८ ओहमवर १२०० वॅट, ४ ओहमवर २०००, २ ओहमवर ३०००. हे व्होल्टमध्ये बदला. ८ ओहमला ९८ व्होल्ट, ४ ओहमला ८९, २ ओहमला ७७. वॅट वाढताना दिसतात, व्होल्ट मात्र घसरतात, कारण करंट जसा वाढतो तसा अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय दमतो. आणि बेसच्या बॉक्सला वॅटची पाटी वाचता येत नाही, त्याला व्होल्टच कळतात.

चार बॉक्स एकाच अ‍ॅम्पवर लावले, प्रत्येक चॅनेलवर दोन, तर लोड २ ओहम. प्रत्येक बॉक्सला ७७ व्होल्ट, म्हणजे १५०० वॅट. दुसरा अ‍ॅम्प घेऊन प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र चॅनेल दिला तर ४ ओहम, ८९ व्होल्ट, २००० वॅट. पाचशे वॅटचा फरक ऐकायला भरघोस वाटतो; डेसिबलमध्ये तो सव्वा आहे. मैदानात उभ्या माणसाला सव्वा डेसिबल कळेलच अशी खात्री नाही. दुसऱ्या अ‍ॅम्पचे पैसे आवाज वाढेल म्हणून घालायचे असतील तर ते फुकट गेले.

तरीही मी दुसरा अ‍ॅम्प घ्या असंच सांगेन, पण कारण वेगळं. २ ओहमवर पूर्ण जोरात प्रत्येक चॅनेलमधून साधारण ३९ अँपिअर जातात, ४ ओहमवर २२. निम्म्याच्या जवळ आलेल्या करंटने अ‍ॅम्प थंड राहतो, फॅनची धूळ लगेच जिवावर येत नाही, वायरीत कमी गळती होते, आणि मिरवणुकीच्या मध्यावर एक अ‍ॅम्प बसला तरी दोन बेस वाजत राहतात. शिवाय २ ओहमचे वॅट पुष्कळदा क्षणभराच्या फटक्यावर मोजलेले असतात. भाषणाला, तबल्याला ते चालतं. तिथे फटके कमी आणि मोकळी जागा जास्त. डीजेच्या गाण्यात बेस जवळजवळ सलग असतो. क्षणभराचा आकडा तिथे पाच मिनिटं टिकत नाही आणि अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो. ज्या अ‍ॅम्पच्या कागदावर २ ओहमचा आकडाच नाही, त्याला २ ओहम देऊ नका. दुकानदार 'चालतं हो' म्हणाला तरी.

आवाजच वाढवायचा असेल तर खर्च बॉक्सवर करा. एकाच्या शेजारी तसाच दुसरा बेस, त्याच व्होल्टवर, चिकटून ठेवला तर खालच्या सुरांत सहा डेसिबलपर्यंत मिळतात: तीन दुप्पट पॉवरचे, तीन दोन बॉक्स एकमेकांना साथ देतात त्याचे. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण पावणेसहा मीटर आहे, त्यामुळे मीटर-दोन मीटरच्या आतले बॉक्स तिच्या दृष्टीने एकच मोठा बॉक्स असतात. स्टेजच्या डाव्या-उजव्या टोकाला दोन-दोन बेस ठेवायची आपल्याकडची पद्धत फोटोला छान दिसते. प्रत्यक्षात मधोमध पट्ट्यात बेस अंगावर येतो आणि चार पावलं बाजूला सरकलं की गायब होतो. जागा आणि यजमान परवानगी देत असतील तर चारही एकत्र लावा.

ब्रिज

ब्रिजमध्ये दोन चॅनेल उलटसुलट ओढून एकच मोठा चॅनेल होतो आणि व्होल्ट दुप्पट होतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसरलं जातं ते हे की लोड दोन्ही चॅनेलमध्ये अर्धा-अर्धा वाटला जातो. ४ ओहमचा बॉक्स ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनेलला २ ओहम लावल्यासारखं आहे. दोन बॉक्स लिंक करून ब्रिजवर लावले तर प्रत्येक चॅनेलला १ ओहम, म्हणजे अ‍ॅम्पच्या अंत्ययात्रेची तयारी.

आपल्या अ‍ॅम्पचा ब्रिज ४ ओहमला ६००० वॅट देईल. व्होल्ट १५५. बॉक्सच्या मागे खडूने लिहिलेलं काय होतं? ८९. लिमिटरशिवाय, म्हणजे व्होल्ट ठरलेल्या हद्दीत रोखणाऱ्या सोयीशिवाय, हा ब्रिज बॉक्सला लावणं म्हणजे कॉइल जाळायचा मुहूर्त काढणं. ब्रिज तेव्हाच उपयोगाचा जेव्हा अ‍ॅम्प लहान आहे आणि बॉक्स ८ ओहमचा, दणकट आहे. तेव्हाही तो अ‍ॅम्प ब्रिज होतो का हे आधी पुस्तिकेत पाहा. काही क्लास डी अ‍ॅम्प आतूनच ब्रिज असतात, त्यांना पुन्हा ब्रिज करता येत नाही. ब्रिजची वायर साधारणपणे दोन लाल टर्मिनलमधून निघते, आणि पुष्कळ अ‍ॅम्पवर पहिल्या स्पीकॉनच्या १ प्लस आणि २ प्लस या पिनांवर मिळते. त्यातली कोणती बॉक्सच्या प्लसला जाते तेही पुस्तिका सांगते. दोन्ही टोकांत व्होल्ट असतात, एकही टोक ग्राउंड नसतं. त्यामुळे त्यातली कुठलीही वायर ट्रसला, अर्थिंगला किंवा दुसऱ्या यंत्राच्या बॉडीला लागता कामा नये.

वायर

कामाचा अर्धा भाग इथे आहे आणि याच्यावर सर्वात कमी पैसे खर्च होतात. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर, जिला दुकानात नुसतं 'दीड एमएम' म्हणतात, तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१३ ओहम असतो. तीस मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर, म्हणजे ०.८ ओहम. समोर २ ओहमचा लोड असेल तर अ‍ॅम्पच्या व्होल्टपैकी चौथाईहून जास्त वायरीतच राहतात आणि बेसपर्यंत पोहोचणारी पॉवर जवळपास निम्मी होते. तीन हजार वॅटचा अ‍ॅम्प भाड्याने आणला आणि दीड हजारांचा वाजवला. अडीच एमएम घेतली तर त्याच अंतराला २ ओहमवर सुमारे ६५ टक्के पोहोचतात, ४ ओहमवर ८० टक्के. कमी ओहमची चैन लांब वायरीला परवडत नाही.

उपाय वायर जाड करणं हा आहेच, पण त्याहून स्वस्त उपाय म्हणजे रॅक बेसच्या शेजारी नेणं. चार एमएमची पाच मीटर वायर २ ओहमलासुद्धा ९५ टक्के पोहोचवते. लांब न्यायची ती सिग्नलची बॅलन्स्ड लाइन. तिच्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे पन्नास मीटरलाही काही बिघडत नाही. मिक्सरपाशी अ‍ॅम्प ठेवून तिथून बेसला वायरी सोडायची जुनी पद्धत ऑपरेटरच्या सोयीची होती. अ‍ॅम्पचे दिवे नजरेसमोर राहत. आता तो हट्ट सोडून द्यावा.

जाहिरातीतल्या डॅम्पिंग फॅक्टरचंही (बेसच्या ओहमला अ‍ॅम्प आणि वायरीच्या रेझिस्टन्सने भागून येणारा आकडा) इथेच पितळ उघडं पडतं. अ‍ॅम्प ५०० म्हणतो, पण ४ ओहमच्या बेसला ०.८ ओहमची वायर लावली की तो आकडा पाचाच्या आत येतो. आणि स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्स त्याच वाटेवर बसलेला असल्याने ५०० आणि १००० यांतला फरक तसाही कानाला पोहोचत नाही. त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

कनेक्टर स्पीकॉनच हवा. जुना पाव इंची जॅक घालता-काढताना क्षणभर शॉर्ट करतो, आणि चालू अ‍ॅम्पला तो क्षण पुरतो. चार पिनी स्पीकॉनमध्ये १ प्लस-मायनस आणि २ प्लस-मायनस अशा दोन जोड्या असतात. काही कंपन्या टॉप पहिल्या जोडीवर आणि बेस दुसऱ्या जोडीवर घेतात, म्हणजे एकाच चार कोअरच्या वायरने दोन्ही चालतात. दुसऱ्याकडून भाड्याने आणलेला बेस 'मेलाय' म्हणून परत पाठवण्याआधी तो दुसऱ्या जोडीवर तर नाही ना हे बघा. लिंक केलेल्या दोन बेसमध्ये पहिली वायर दोघांचा करंट वाहते, म्हणून जाड वायर अ‍ॅम्पकडच्या बाजूला.

पोलॅरिटीही याच टप्प्यावर तपासायची. ९ व्होल्टची बॅटरी वायरीच्या टोकांना क्षणभर लावा. बॅटरीचा प्लस बॉक्सच्या प्लसला असताना कोन बाहेर यायला हवा. चारातला एक उलटा असेल तर तो दुसऱ्या एकाचा आवाज जवळपास खाऊन टाकतो आणि चार बेस दोनासारखे वाजतात. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत कोन आत जाणं हेच कंपनीचं मूळ धोरण होतं. त्यामुळे जुना माल नव्यात मिसळताना पाटीवरच्या रंगांवर जाऊ नका, कोन बघा.

मिसळ

"एका चॅनेलवर डबल अठरा आणि सिंगल अठरा एकत्र लावू का?" व्होल्टचा हिशेब ठेवला तर उत्तर सोपं आहे. आत तोच ८ ओहमचा स्पीकर असेल तर प्रत्येक स्पीकरला सारखेच व्होल्ट मिळतात, कोणावर अन्याय नाही. फक्त लोड २.६७ ओहम झाला हे अ‍ॅम्पला झेपतंय का एवढं पाहायचं. पण सिंगलमधला स्पीकर ४ ओहमचा आणि हजार वॅटचाच असेल तर त्याच व्होल्टवर तो दुप्पट पॉवर खाईल आणि आधी तोच जळेल. हॉर्न पद्धतीचा बेस आणि साधा पोर्टवाला बेस मात्र एका चॅनेलवर कधीच नको. हॉर्नमधून आवाज लांबच्या वाटेने उशिरा बाहेर पडतो, त्यामुळे दोघांना प्रोसेसरमध्ये वेगळा डिले द्यावा लागतो, आणि एका चॅनेलवर तो देता येत नाही.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अ‍ॅम्प एकत्र चालवताना गेन जुळवा. मागे बारीक स्विच असतो: २६ डीबी, ३२ डीबी, नाहीतर ०.७७५ व्होल्ट. ३२ डीबी म्हणजे आत आलेल्या एका व्होल्टचे चाळीस, २६ म्हणजे वीस. एक अ‍ॅम्प ३२ वर आणि दुसरा २६ वर राहिला तर पुढचे नॉब सारखे असूनही दुसऱ्यावरच्या बेसना निम्मे व्होल्ट आणि चौथाई पॉवर मिळते. ०.७७५ ची सोय तर मिसळीत वापरूच नये; तिथे लहान आणि मोठ्या अ‍ॅम्पचा गेन वेगळा निघतो. आणि पुढचा नॉब हा आवाज आत घेण्याचा नळ आहे. तो अर्ध्यावर ठेवला म्हणून अ‍ॅम्प अर्धा होत नाही. मिक्सरवरून जोर आला की तो पूर्ण व्होल्टपर्यंत जातोच.

लिमिटर

अ‍ॅम्प स्पीकरपेक्षा मोठा असावा की लहान, यावर चहाच्या टपरीवर रात्र काढता येते. 'लहान अ‍ॅम्प स्पीकर जाळतो' हे अर्धसत्य आहे. ५०० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण क्लिप झाला की लाट चौकोनी होत जाते आणि सरासरी पॉवर हजारापर्यंत चढू शकते. हजार सोसणाऱ्या स्पीकरला त्याने काही होत नाही, पाचशेवाल्याला होतं. जळण्याचं कारण एकच: कॉइलमध्ये बराच वेळ सोसवेल त्याहून जास्त उष्णता. माझा कौल असा: अ‍ॅम्पचा त्या लोडवरचा व्होल्ट बॉक्सच्या एईएस व्होल्टइतका किंवा थोडा जास्त असावा, आणि बाकीचं लिमिटरवर सोडावं.

लिमिटर कानाने लावू नका, मीटरने लावा. सगळे बेस अ‍ॅम्पपासून सोडवा. प्रोसेसरमधून ५० हर्ट्झचा सूर पाठवा. साधा स्वस्त मल्टीमीटर याच फ्रिक्वेन्सीला एसी व्होल्ट बरोबर दाखवतो, कारण तो घरच्या विजेसाठीच बनलेला आहे. मीटरच्या तारा अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा, आवाज हळूहळू वाढवा आणि आकडा ठरलेल्या ठिकाणी थांबेपर्यंत लिमिटरचा थ्रेशोल्ड खाली आणा. हे ८९ व्होल्ट शॉक देतात. उघड्या टोकांना हात लावायचा नाही, ओल्या जमिनीवर उभं राहायचं नाही. प्रोसेसरमध्ये पीक आणि आरएमएस असे दोन लिमिटर असतील तर पीकचा असा सेट करा, आणि आरएमएसचा, म्हणजे सावकाश चालणारा, त्याहून खाली ठेवा. तासन्‌तास डीजे वाजणार असेल तर मी आपल्या बॉक्सला ६३ व्होल्टवर थांबवेन, म्हणजे एईएसच्या निम्मी पॉवर.

इतकं मागे का? तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, अंशामागे सुमारे ०.४ टक्का. कॉइल १८० अंशांनी तापली तर तो जवळपास पावणेदोनपट होतो. त्याच व्होल्टवर बॉक्स कमी करंट ओढतो आणि आवाज उतरतो. रात्री नऊला 'बेस बसलाय' म्हणून ऑपरेटर फेडर वर करतो तो याच वेळी, आणि भाजलेल्या कॉइलवर आणखी व्होल्ट चढतात. लिमिटर लावलेला असेल तर त्याचा हात तिथेच अडतो.

त्याच प्रोसेसरमध्ये ३० ते ३५ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावायला विसरू नका. पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली कोनाला हवेचा आधार नसतो. तो वेडावाकडा हलतो, आवाज मात्र येत नाही. वरच्या टोकाला बेस ८० ते १०० हर्ट्झवर कापा.

मेन्स

चार चॅनेल गुणिले २००० म्हणजे ८००० वॅट, पण प्लगमधून सतत तेवढे ओढले जात नाहीत. भाषण-गाण्याला सरासरी आठवा भाग, म्हणजे हजार. सलग बेसच्या डीजेला तिसरा भाग धरा, सुमारे २७००. अ‍ॅम्पचं स्वतःचं नुकसान त्यावर. २३० व्होल्टला ही गोष्ट पंधरा अँपिअरच्या आसपास जाते, आणि हे फक्त बेसचे अ‍ॅम्प. टॉप आणि लाइट त्याच १६ अँपिअरच्या प्लगवर नकोत. लांब केबलच्या टोकाला व्होल्टेज १९० वर उतरलं तर ज्या अ‍ॅम्पचा सप्लाय रेग्युलेटेड नाही त्याचे आउटपुट व्होल्टही त्याच प्रमाणात खाली येतात; क्लिपचा दिवा लवकर लागतो, पॉवर दोन-तृतीयांशाच्या आसपास राहते.

थ्री फेज जनरेटरवर एक तपासणी चुकवू नका. न्यूट्रल सैल असेल तर एका फेजवर व्होल्टेज घसरतं आणि दुसऱ्यावर ४०० च्या दिशेने चढतं, आणि एका क्षणात रॅकमधले सगळे सप्लाय उडतात. रॅक लावण्याआधी तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा, लाइट चालू झाल्यावर पुन्हा मोजा. अर्थिंगची वायर काढून हम घालवायचा जुगाड कोणी सुचवला तर त्याला रॅकपासून लांब ठेवा.

कायद्याबद्दल थोडंच. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. मोजणी 'ए' वजनाने होते आणि त्यात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरला जातो. मीटरचा आकडा बरा दिसला म्हणून समोरच्या घरातल्या आजारी माणसाच्या खिडकीची काच थरथरत नाही असं समजू नका.

शेवटी, कार्यक्रम चालू असताना एक बेस गेला तर. त्या चॅनेलचा नॉब खाली, मग स्पीकॉन काढा, मीटर लावा. शॉर्ट दाखवत असेल तर तो बॉक्स लिंकमधून पूर्ण बाजूला. त्याच्यामागून लिंक झालेला पुढचा बॉक्स थेट अ‍ॅम्पला. एक बॉक्स कमी झाल्याने लोड वर जाईल, म्हणजे २ चे ४ ओहम, आणि अ‍ॅम्पला उलट हलकं वाटेल. उरलेल्या बॉक्सवरचे व्होल्ट लिमिटरच्या वर जाणार नाहीत. यजमान येऊन बेस कमी झालाय म्हणतील. त्यांना हो म्हणा, आणि फेडरला हात लावू नका.